रक्तात उरलेला हिवताप

यंदाच्या अंकाचा विषय ‘वारसा’ आहे, बुलढाणा जिल्ह्यातून काहीतरी द्या, असं संपादकांनी कळवलं. बुलढाण्यात वारशाला तोटा नाही. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, लोणारला उल्केनं पाडलेलं सरोवर आहे, मेहकरला शारंगधर बालाजी आहे. त्यांच्यावर दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. मी उलट्या दिशेला निघालो. खामगाव मागे टाकलं, पूर्णा ओलांडली आणि सातपुड्याचा पायथा धरला. तिथला एक वारसा सरकारी रजिस्टरात दोन अक्षरांत लिहिलेला असतो: ‘एएस’ नाहीतर ‘एसएस’.

या जिल्ह्याचे दोन भाग कुणीही बुलढाणेकर बोट दाखवून सांगतो, घाटावरचा आणि घाटाखालचा. कलेक्टर कचेरी, मोठा दवाखाना घाटावर. घाटाखाली पूर्णेचं खोरं, काळी जमीन, कापूस, आणि नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही आणि गावोगाव किडनीचे रुग्ण सापडतात. त्याच्याही पलीकडे, अगदी उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे दोन तालुके सातपुड्याला पाठ लावून बसलेत. डोंगराच्या कुशीत भिल, भिलाला, बारेला, कोरकू आणि निहाल लोकांची गावं आहेत. वर चढून गेलं की मध्य प्रदेश, पूर्वेला अंबाबरवाचं जंगल आणि मेळघाट. यातले निहाल लोक जी निहाली बोलतात, तिचं जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी पक्कं नातं भाषाशास्त्रज्ञांना जोडता आलेलं नाही. बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार, आणि ते प्रामुख्यानं याच भागात. इथली माणसं या डोंगरात किती जुनी आहेत, याचा अंदाज त्यावरून बांधावा.

रेघा दिसतात का

संग्रामपूर तालुक्यातल्या एका शाळेत तपासणी होती. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईल. श्रावणातली झड होती, व्हरांड्यात चिखलाच्या चपलांचा ढीग पडला होता, आणि आतल्या वर्गात फळ्याखाली टेबल मांडलेलं. टेबलावर काचेच्या छोट्या नळ्यांचा स्टँड, कापूस, स्पिरिट, टोचायच्या सुया, तयार द्रावणाची बाटली आणि कशाला हवा असा प्रश्न पडावा असा एक साधा पांढरा कागद, त्यावर स्केचपेननं ओढलेल्या जाड काळ्या रेघा.

त्या कागदाचं काम सगळ्यात शेवटी येतं. टेक्निशियन पोराचं बोट टोचतो, थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात सोडतो, नळी हलवून ठेवून देतो. द्रावणात सोडियम डायथायोनाइट असतं. ते रक्तातला ऑक्सिजन ओढून घेतं. पाचेक मिनिटांनी नळी त्या रेघांसमोर धरायची. पलीकडच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. पाणी गढूळ होऊन रेघा पुसल्या गेल्या तर पॉझिटिव्ह. याला सगळे ‘सोल्युबिलिटी’ म्हणतात. आशाताई म्हणतात, शाळेतली पोरंही म्हणतात.

पण ही चाचणी एवढंच सांगते की रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे. किती आहे, ते सांगत नाही. आई किंवा बाप, एकाकडूनच ते जनुक आलं असेल तर माणूस वाहक, म्हणजे एएस, आणि तो सहसा ठणठणीत असतो. दोघांकडूनही आलं असेल तर एसएस, म्हणजे रुग्ण. दोघांच्याही नळ्या सारख्याच गढूळ दिसतात. फरक कळायला नमुना मोठ्या दवाखान्यात इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीला पाठवावा लागतो. तो जाईपर्यंत, तिथून कागद परत येईपर्यंत जो काळ मध्ये जातो, त्यात गावात काय काय बोललं जातं ते वेगळंच प्रकरण आहे.

शेजारच्या बाकावर आरोग्य सेवक बसला होता. त्याच्यापुढे काचपट्ट्यांची पेटी. ज्या पोराला ताप आहे किंवा चार दिवसांत येऊन गेला आहे, त्याची हिवतापासाठी स्लाईड घ्यायची. एका सातवीतल्या मुलाला दोन्हीकडे जावं लागलं. त्यानं बोट पुढे केलं आणि आरोग्य सेवकाला विचारलं, ‘‘एकाच टोचण्यात दोनी नाई होत का जी?’’ झालं, त्याच भोकातून दाबून दुसरा थेंब काढला. एक थेंब नळीत, एक काचेवर. या दोन थेंबांचं एकमेकांशी काय नातं आहे, हे त्या वर्गात कुणी सांगितलं नाही. तपासणीच्या घाईत ते शक्यही नव्हतं. हा लेख त्याच नात्याबद्दल आहे.

एकशे सेहेचाळीसांतली एक जागा

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओवलेली असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे सिकलसेलमध्ये व्हॅलिन येतं. उरलेल्या १४५ जागा जशाच्या तशा. पण ग्लुटामिक आम्लाला पाण्याची ओढ आणि व्हॅलिनला पाण्याचं वावडं. त्यामुळे ऑक्सिजन देऊन मोकळे झालेले रेणू पाण्यापासून अंग चोरत एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठर धागे होतात आणि वाळल्या पऱ्हाट्यांची मोळी पोत्यात कोंबल्यावर पोतं जसं कुठूनही टोकं काढतं, तशी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. अशी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. तिच्यामागे दुसरी, तिसरी अडकते. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही, आणि मग असह्य दुखतं. शिवाय ही पेशी लवकर फुटते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही बहुधा दहा-वीस दिवसांत संपते. म्हणून अंगात रक्त ठरत नाही, डोळे पिवळे दिसतात.

शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या वाकड्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं. त्यांचा रुग्ण कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण होता. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे लायनस पाऊलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं, आणि तो एकाच अमिनो आम्लाचा आहे हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ पर्यंत शोधून काढलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सिकलसेल सापडला. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये दिली, आणि नागपूर-विदर्भ या नकाशावर आला. महाराष्ट्रातल्या आदिवासींची पाड्यापाड्यांवर जाऊन तपासणी करण्यात पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांची हयात गेली. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नंदुरबारच्या भिल आणि पावरा समाजात वाहकांचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास, गडचिरोलीकडच्या काही जमातींत त्याहून जास्त, हे चित्र अशा कामातून पुढे आलं. आमच्या जळगाव जामोदचे भिलाला, बारेला त्याच सातपुड्याच्या रांगेतले सगेसोयरे. बारेला आणि पावरा तर एकाच समाजाची दोन नावं म्हटली तरी चालतील.

इथेच कोडं पडतं. औषध नव्हतं तेव्हा एसएस मूल बहुतेक वेळा लग्नाच्या वयापर्यंत पोचतच नसे. म्हणजे प्रत्येक पिढीत हे जनुक थोडं थोडं गळून जायला हवं होतं. काही हजार वर्षांत नावालाही उरायला नको होतं. मग ते पाचातल्या एकाच्या अंगात कसं?

हॉल्डेनची शंका, ॲलिसनचा नकाशा

असाच प्रश्न भूमध्य समुद्राकाठच्या थॅलेसेमियाबद्दल जे. बी. एस. हॉल्डेन यांना पडला होता. १९४९ च्या सुमारास त्यांनी एक शक्यता मांडली: हा रक्तदोष अर्धाच वाट्याला आलेली माणसं मलेरियाला जास्त चांगलं तोंड देत असतील काय? पुरावा नव्हता, नुसता तर्क होता. पण एका आजाराची दुसऱ्याशी अशी सांगड घालण्याची तयारी फार थोड्यांची असते. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले, आधी कलकत्त्यात, मग भुवनेश्वरला राहिले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये तिथेच वारले. ज्या ओडिशात त्यांनी शेवटचे दिवस काढले, तो सिकलसेलचा देशातला एक मोठा पट्टा आहे.

सिकलसेलपुरता पुरावा उभा केला तो अँथनी ॲलिसन यांनी. केनियात वाढलेल्या या तरुण डॉक्टरला दिसलं, की समुद्रकिनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी वाहक भरपूर आहेत, उंच थंड मुलखात जवळपास नाहीत. नेमका मलेरियाचा नकाशाही तसाच होता. १९५४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. त्यातला एक प्रयोग वाचताना आज अंगावर काटा येतो. पंधरा वाहक आणि पंधरा अवाहक स्वयंसेवकांना त्यांनी मुद्दाम मलेरियाची लागण केली. अवाहकांपैकी चौदा जणांच्या रक्तात परजीवी वाढले, वाहकांपैकी फक्त दोघांच्या. आजच्या नीतिसमितीनं असला प्रस्ताव वाचायच्या आधीच परत पाठवला असता. पण निकाल एवढा लख्ख होता, की माणसात नैसर्गिक निवड चालते याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण म्हणून आजही हेच देतात.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ फ्रँक लिव्हिंगस्टन यांनी १९५८ मध्ये त्यात शेती आणली. पश्चिम आफ्रिकेत जंगल तोडून शेती सुरू झाली, उघड्यावर पाणी साचू लागलं, माणसं एका जागी दाटीनं राहू लागली, डासांना उन्हातलं पाणी आणि रक्त दोन्ही मिळालं. मलेरिया बळावला आणि त्याच्याबरोबर हे जनुक. म्हणजे ही निवड निसर्गानं एकट्यानं केली नाही. कुऱ्हाडीचाही तिला हातभार होता.

सातपुड्याचा हिशेब

सातपुड्यात काय झालं असेल? इथे ओढे आहेत, पाऊस ओसरल्यावर त्यांत तुटक डबकी राहतात. डोंगराळ भागातल्या झुळझुळत्या स्वच्छ पाण्यात वाढणारा ॲनॉफिलिस फ्लुव्हिॲटिलिस आणि शेतशिवारातल्या डबक्यांत वाढणारा ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस, हे दोन्ही हिवतापाचे नावाजलेले वाहक. परजीवींपैकी जीव घेणारा तो फाल्सिपेरम. मूल पाच वर्षांचं व्हायच्या आत त्याची गाठ पडली की मेंदूपर्यंत ताप जायचा, नाहीतर रक्त आटून जायचं.

किती मुलं जात असतील, याचा अंदाज एका साध्या गणितानं बांधता येतो. समजा समाजातली प्रौढ माणसं २० टक्के वाहक आहेत आणि ही टक्केवारी पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहिली. एसएस मुलांच्या मृत्यूमुळे जनुकाची जी घट होते, ती कुठूनतरी भरून निघत असणार. ती भरून येते, कारण जनुक नसलेली मुलं, म्हणजे एए, हिवतापानं वाहक मुलांपेक्षा जास्त मरतात. आकडेमोड केली तर उत्तर येतं, की वाहक नसलेल्या दर शंभर मुलांमागे साधारण अकरा मुलं वाहकांच्या तुलनेत अधिक दगावली पाहिजेत. तरच तराजू समतोल राहील. एका पिढीत नाही, प्रत्येक पिढीत. त्या पोरांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही, ग्रामपंचायतीचं जन्म-मृत्यू रजिस्टर फार अलीकडचं. त्यांची नोंद जिवंत राहिलेल्यांच्या रक्तात आहे.

हे गणित मी तिथल्या एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे मांडलं. तो हसला. ‘‘सर, आम्हाला कॉलेजात एवढंच शिकवलं, की वाहकाला मलेरियापासून संरक्षण असतं. परीक्षेत दोन मार्कांचं. त्याची किंमत कुणी भरली, ते विचारलं नाही.’’

आणि किंमत दोन्हीकडून भरली गेली. वीस टक्के वाहक असलेल्या समाजात, समाजातच लग्नं होत असतील तर शंभरातल्या चार जोडप्यांत दोघंही वाहक निघतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला एसएस होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे जन्मणाऱ्या शंभरातलं एक मूल. वाहक नसलेल्या शंभरातल्या अकरांना हिवतापानं नेलं, जन्मलेल्या शंभरातल्या एकाला त्याच्या तोडग्यानं. निवड म्हणतात ती एवढी कोरडी असते. तिला कुणाचं भलं करायचं नसतं.

परजीवीची कोंडी

वाहकाच्या पेशीत परजीवीचं नेमकं काय होतं, यावर अजून काम चालू आहे. पण बरंच उलगडलं आहे. फाल्सिपेरम तांबड्या पेशीत शिरतो, आतलं हिमोग्लोबिन खातो, वाढतो, आणि पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःची चिकट प्रथिनं आणून बसवतो. त्यामुळे ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून राहते आणि पानथरीच्या तावडीतून वाचते. कारण पानथरी म्हणजे शरीराची चाळणी, बिघडलेली पेशी तिथून सुटत नाही.

वाहकाच्या पेशीत हा डाव फसतो. एरवी ती पेशी गोलच असते. पण परजीवी आत असला आणि ती कमी ऑक्सिजनच्या जागी दडून बसली, की आतलं सिकलसेलचं हिमोग्लोबिन गोठू लागतं. परजीवीची वाढ तिथेच खुंटते. पेशी वाकली तर पानथरी तिला उचलते. शिवाय चिकट प्रथिनं पृष्ठभागावर नीट बसत नाहीत, पकड सैल पडते. लागण होते, पण ती मेंदूपर्यंत जात नाही. आफ्रिकेतल्या मोठ्या अभ्यासांत वाहक मुलांना गंभीर मलेरियाचा धोका ९० टक्क्यांच्या आसपास कमी आढळला आहे.

परजीवी मात्र गप्प बसलेला नाही. आफ्रिकेतल्या मुलांच्या रक्तातल्या परजीवींचे जनुक तपासले, तेव्हा सिकलसेल असलेल्या मुलांना लागण करू शकणारी फाल्सिपेरमची वेगळी रूपं २०२२ च्या सुमारास उघड झाली. निवड त्याच्याही बाजूनं चालूच असते.

एका गोष्टीवर मात्र गावोगाव गैरसमज आहे, आणि तो जिवावर बेतू शकतो. ‘सिकलसेलवाल्याला हिवताप होत नाही’ असं एका शिक्षकानंच मला खात्रीनं सांगितलं. हे वाहकापुरतं अर्धं खरं आहे. एसएस रुग्णाच्या बाबतीत ते साफ चूक आहे. त्याची पानथरी लहानपणीच निकामी झालेली असते, अंगात रक्त आधीच कमी असतं. त्याला हिवताप झाला तर तो इतर कुणाहीपेक्षा जास्त धोक्यात असतो. ज्या जनुकानं त्याच्या आजोबा-पणजोबांना वाचवलं, त्याची दुप्पट मात्रा त्याला काहीच देत नाही.

थंडीच्या आधीची तयारी

तपासणीच्या गावाहून जवळच्या एका पाड्यावर नऊ वर्षांची एक मुलगी आहे, एसएस. तिच्या आईनं पहिली खूण सांगितली ती हातापायांच्या सुजेची. मूल वर्षाचं होतं, पावलं फुगली, हात लावू देईना. ‘‘वाटलं काई चावलं. बडव्याकडे नेलं. मंग सोनाळ्याले, मंग जळगावले. रक्त चढवलं तवा उठली.’’ आता तिला घरातलं गणित पाठ झालंय. पोरीनं पाणी कमी प्यायलं की दुखतं. पावसात भिजली की दुखतं. ताप आला की दुखतं. पौषातल्या थंडीत सगळ्यात जास्त. घरात दप्तराशेजारी पाण्याची बाटली टांगलेली होती, आणि शाळेच्या गुरुजींना ताकीद दिलेली की पोरगी वर्गात पाणी प्याली तर ओरडायचं नाही. लघवीला सारखी जाते, त्यालाही हरकत घ्यायची नाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडं पाणी नीट राखत नाहीत.

रोज फॉलिक ॲसिडची गोळी आणि हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. हायड्रॉक्सीयुरिया मूळचं कर्करोगाचं औषध. त्यानं अंगातलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं, आणि ते वाढलं की सिकलचे धागे जुळत नाहीत. भारतीय सिकलसेल रुग्णांत हे गर्भाचं हिमोग्लोबिन मुळातच आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त असतं. म्हणून इथला आजार सौम्य, असं बराच काळ मानलं जायचं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी वर्षानुवर्षं जी मुलं पाहिली, त्यांवरून विदर्भात तरी तो सरसकट सौम्य नाही हे दिसलं. कमी मात्रेतलं हायड्रॉक्सीयुरियाही आपल्या मुलांना चांगलं लागू पडतं, हेही तिथल्याच कामातून पक्कं होत गेलं.

औषधापेक्षा अवघड आहे ते औषधापर्यंत जाणं. ही कॅप्सूल चालू असताना रक्तपेशी वरचेवर मोजाव्या लागतात. तज्ज्ञाला दाखवायचं तर नांदुरा, मोताळा करत घाट चढून बुलढाणा गाठायचं. सिकलसेल रुग्णाला एसटीचा प्रवास मोफत आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. पण सोबत जाणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कुठल्या योजनेत बसत नाही. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस झपाट्यानं गळू लागले, तेव्हा देशभरातून पथकं आली, टीव्हीच्या गाड्या उभ्या राहिल्या. ते व्हायलाच हवं होतं. पण तिथून तासा-दीड तासावर एक मूल दर हिवाळ्यात दुखण्यानं रात्रभर ओरडतं, ही बातमी होत नाही. कारण ते नवीन नाही.

सोयरीक आणि कार्ड

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. त्याच्याही आधीपासून महाराष्ट्रात सिकलसेलचा राज्य कार्यक्रम चालू आहे. तपासणी झाली की माणसाला कार्ड मिळतं, त्याच्या रंगावरून वाहक की रुग्ण ते कळतं. कल्पना अशी, की दोन वाहकांचं लग्न टाळावं. ‘पत्रिकेआधी रक्त तपासा’ अशा अर्थाच्या घोषणाही मी रंगवलेल्या पाहिल्या. ज्या समाजात पत्रिका बघायची रीतच नाही, तिथेही.

आता गावाचं नाव का लिहिलं नाही ते सांगतो. वाहक असणं म्हणजे आजार नाही, हे आशाताई घसा फोडून सांगतात. पण कार्ड रंगीत असतं आणि गाव लहान. बारेला-भिलालांत नवऱ्याकडून मुलीकडे देज जातं, लग्न म्हणजे दोन घरांचा मोठा व्यवहार असतो. मुलगी वाहक आहे म्हटल्यावर देजाची बोली खाली येते. मुलगा वाहक असला तर ते सहसा विचारलंच जात नाही. एका आजीनं मला विचारलं, ‘‘आमचं रक्तच खराब हाय म्हणते, खरं हाय का?’’ खराब नाही, याच रक्तानं तुमची माणसं या जंगलात टिकली, असं मी सांगून पाहिलं. तिनं ऐकून घेतलं. पटलं असेल असं वाटत नाही. आणि सिकलसेल हा फक्त आदिवासींचा आजार हाही भ्रमच. विदर्भात नवबौद्ध, तेली, कुणबी घरांतही तो आहे, ग्रीस-सिसिलीत आहे, सौदी अरेबियातही आहे. जिथे तो मुळात रुजला, तिथे हिवताप होता. जातीचा त्यात संबंध एवढाच, की लग्नं जातीत होतात.

निर्मूलन या शब्दावर माझा आक्षेप आहे. हिवताप उद्या पुरता नाहीसा झाला आणि एसएस मूल एकही जगलं नाही असं क्रूरपणे धरून चाललं, तरी वाहकांचं प्रमाण वीसवरून दहा टक्क्यांवर यायला दहा पिढ्या, म्हणजे अडीचशे वर्षं लागतात. उपचारानं मुलं जगू लागली, लग्न करू लागली, तर आणखी जास्त. मुलं जगावीत हेच तर आपल्याला हवं आहे. म्हणजे जनुक राहणार. कमी होऊ शकतो तो त्रास, आणि त्यासाठी सोयरिकी मोडण्यापेक्षा जन्मल्याबरोबर तपासणी, हायड्रॉक्सीयुरियाचा अखंड पुरवठा आणि न्यूमोनियाविरुद्धची लस जास्त कामाची. जन्मल्याबरोबरच्या तपासणीत सोल्युबिलिटी निरुपयोगी ठरते, कारण सहा महिन्यांपर्यंत बाळाच्या अंगात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं आणि रेघा स्वच्छ दिसत राहतात. नवजात बाळाला एचपीएलसीसारखीच चाचणी लागते. चंद्रपूरला आयसीएमआरचं हिमोग्लोबिनविकारांचं केंद्र २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्राला अर्पण झालं. बुलढाण्याच्या उत्तर टोकाहून ते विदर्भाच्या पार दुसऱ्या अंगाला आहे.

ज्या आशाताईंबरोबर मी पाड्यावर फिरलो, त्यांच्या वहीत एक जोडपं आहे. दोघंही वाहक. लग्नाआधी दोघांनाही कार्डं मिळाली होती, दोघांनीही ती दाखवली होती, तरीही लग्न झालं. ‘‘एकमेकाले पसंत होते, त्याले कोन काय करते?’’ आशाताईंच्या आवाजात तक्रार नव्हती. आता सुनेला तिसरा महिना लागला आहे. गर्भाची तपासणी करायची तर बाराव्या आठवड्याच्या आत नागपूरला किंवा मुंबईला गेलं पाहिजे, नाहीतर पुढे गर्भजलाची, तीही मोठ्या शहरातच. आशाताई दोनदा सांगून आल्या. मुलगी तयार आहे, नवरा तयार आहे. सासू म्हणते, निंदणाचे दिवस आहेत, चार-पाच दिवस दोघं रानातून गेले तर कपाशीत गवत माजेल, निंदण उरकलं की पाहू. आशाताईंनी वहीत दिवस मोजून ठेवलेत. निंदण त्याच्यानंतर उरकतं.